साग निर्यात : भारत व ब्रह्मदेश

साग (टेक्टोना ग्रँडिस) भारत, ब्रह्मदेश (म्यानमार), थायलंड व लाओस या चारच देशांत निसर्गतः वाढतो. पहिल्या दोन देशांच्या निर्यातीचा आढावा येथे नंदुरबार जिल्ह्यातील सागपट्ट्याच्या (नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी) संदर्भात घेतला आहे.

आरंभकाळ : मुंबई गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांना मुख्यतः मलबारी साग लागे. 1817 मध्ये तेथे बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. मलबारी साग श्रेष्ठ की ब्रह्मी, याबद्दल जाणकारांत मतभेद होते. मलबारची राने विरळ झाल्यावर कंपनी सरकारची नजर नवापूरला लागून असलेल्या डांगाकडे वळली. 1842 च्या सुमारास तेथील जंगले भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आली. तेव्हा डांगांचा राजकीय कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे असे. पुढे गोदीबरोबर रेल्वेचीही मागणी वाढली. डांग-सातपुड्याचा साग अशा रीतीने देशातच खपला.

ब्रह्मदेश : तेनासरीम (1826), पेगू (1852) व अखेर उत्तर ब्रह्मदेश (1885-86) तीन युद्धांतून इंग्रजांच्या ताब्यात आला. शेवटच्या युद्धाला ‘बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या 1863 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीवर मंडालेच्या दरबाराने बसवलेला दंड निमित्त झाला. निर्यातीचे खरे बळ मात्र वाहतुकीत होते. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व रसकाष्ठ कापून कडे पाडत आणि झाड दोन-तीन वर्षे जागीच वाळू देत. मग तोड झाल्यावर हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत नेत. पावसाळ्यातील पुराबरोबर ते मोठ्या नदीत उतरत आणि तराफे बांधून रंगूनला पोहोचत. या मार्गावर लाकडाची ने-आण पाणीच करी. सातपुड्यात अशी सोय नव्हती. सुरत-अमळनेर तापी खोरे रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू होईपर्यंत नवापूर भागातील लाकडाची भिस्त बैलगाडीवर होती.

आकडेवारी : ब्रह्मदेश 1 एप्रिल 1937 रोजी हिंदुस्थानपासून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या व्यापारी तक्त्यांतील ‘हिंदुस्थानची साग निर्यात’ बव्हंशी रंगून व मौलमीन बंदरांची आहे. अनेक लेखकांनी हे ध्यानात न घेतल्याने भारतीय निर्यात 1937 नंतर एकाएकी कोसळल्याचा भास होतो. प्रत्यक्षात असे काही घडलेले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : दोन्ही देशांच्या वाटा येथे पूर्ण वेगळ्या झाल्या. ब्रह्मदेशाने 1948 नंतर सागाचा व्यापार सरकारी मंडळाकडे घेतला. थायलंडने 1989 मध्ये जंगलतोड बंद करताच थाई कंपन्यांना ब्रह्मी सीमाभागात तोडीचे परवाने मिळाले आणि तेथील जंगलांची अपरिमित हानी झाली. ब्रह्मदेशातून होणाऱ्या गोल लाकडाच्या निर्यातीवर 1 एप्रिल 2014 पासून बंदी आली. तोपर्यंत भारत हा त्याचा मोठा ग्राहक होता. भारतात 1988 चे वनधोरण व सर्वोच्च न्यायालयाचा 12 डिसेंबर 1996 चा आदेश यांमुळे तोड आटली.

स्थानिक वापर : नंदुरबार भागातील भिल्ल, पावरा, मावची व कोकणा या आदिवासींच्या घरांत साग खांब-तुळयांसाठी वापरतात.

सद्यस्थिती : नंदुरबार भागातील सागाचे ओंडके वनखात्याच्या हातोड्याची छाप उमटल्यावर लिलावाने विकले जातात. भारत आज जगातील सर्वांत मोठ्या साग आयातदारांपैकी असून घाना, इक्वेडोर, पनामा इत्यादी देशांतील लागवडीचा साग मुख्यतः कांडला बंदरात उतरतो.