निळी रेषा, लाल रेषा : मुठेच्या काठाची कथा

१/११
१२ जुलै १९६१. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून होण्याआधीच फुटले. त्या लोंढ्यापुढे १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरले. नदीकाठी माणसाने कुठवर घर बांधावे, हा प्रश्न त्या दिवशी शहरापुढे उभा राहिला. तो आजही सुटलेला नाही.

२/११
पुराने बेघर झालेल्यांसाठी नदीपासून दूर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे त्याच पुनर्वसनाशी जोडलेली आहेत. एका अर्थाने शहराने तेव्हा नदीला तिची जागा परत दिली होती. पण ही माघार फार काळ टिकली नाही.

३/११
माघार विसरण्याचे एक कारण धरणांमध्येच दडलेले आहे. पानशेत आणि खडकवासला पुन्हा बांधले गेले. पुढे वरसगाव आणि टेमघरची भर पडली. वरच्या अंगाला पाणी अडल्याने शहरातली मुठा वर्षाचे आठ महिने क्षीण दिसू लागली. कोरडे पडलेले पात्र पाहणाऱ्याला ती ओस जमीन वाटते, आणि शहरात ओस जमिनीला भाव येतो.

४/११
१९८९ मध्ये राज्याच्या पाटबंधारे विभागाने परिपत्रक काढून पूररेषांची चौकट घालून दिली. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र. दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, म्हणजे तिथले बांधकाम अटींसह.

५/११
या रेषा आखताना हिशोब पाण्याचा होता. पक्षी, झाडे, मासे त्यात कुठेच नव्हते. तरीही जिथे घर बांधायला मनाई होती, तिथेच काठाची जीवसृष्टी तग धरून राहिली : ओलाव्यात मुळे रोवणारी वाळुंजाची झाडे, करंज, उंबर, आणि उथळ पाण्यावर हिवाळा काढणारी बदके. माणसाच्या सुरक्षिततेसाठी आखलेली रेषा नकळत त्यांचेही कुंपण ठरली.

६/११
याचे ठळक उदाहरण येरवड्याजवळ सापडते. मुळा-मुठेच्या काठावरचा, डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जाणारा पट्टा स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झाला. प्रकाश गोळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथल्या पक्ष्यांकडे लक्ष वेधले. चक्रवाकासारखा पाहुणा भर शहरात उतरत असे, कारण तिथे काठ उतरता होता, चिखल होता आणि मनुष्यवस्ती काही पावले मागे होती.

७/११
कागदावरची रेषा प्रत्यक्षात पुसली जाते ती राडारोड्याने. पाडलेल्या इमारतींचा माल रात्री काठावर टाकला जातो. जमीन फूटभर उंचावते. मग ती ‘पुराबाहेरची’ भासू लागते. आधी पत्र्याची शेड, नंतर भिंत, नंतर इमारत. नदीची रुंदी घटली तरी येणारे पाणी तेवढेच असते, म्हणून ते पूर्वीपेक्षा उंच चढते. चिखलाचा उतार मात्र भरावाखाली कायमचा गाडला जातो.

८/११
केवळ खाजगी बांधकामच रेषा ओलांडते असे नाही. विठ्ठलवाडीजवळ नदीपात्रातून नेलेल्या महापालिकेच्या रस्त्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. २०१३ च्या निकालात लवादाने निळ्या रेषेचे महत्त्व मान्य केले आणि पात्रातल्या भरावाच्या रस्त्याला आक्षेप घेतला. नियम करणाऱ्या व्यवस्थेलाच तो पाळायला सांगावे लागले.

९/११
२५ जुलै २०२४ रोजी हिशोब समोर आला. खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील सोसायट्यांमध्ये घरे बुडाली. मुठेची निळी रेषा मात्र ६०,००० क्युसेक विसर्ग गृहीत धरून आखलेली. रहिवाशांची तर आयुष्याची पुंजी त्या सदनिकांत होती. रेषेचा भंग कोणीही केला, तरी त्याची किंमत शेवटी तळमजल्यावरच्या कुटुंबाने मोजली.

१०/११
मार्च २०२२ मध्ये सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी झाली. पुरापासून संरक्षण मिळेल, काठ नागरिकांना खुला होईल, असे समर्थक म्हणतात. बांधामुळे पात्र आवळले जाईल, जुनी झाडे आणि उतरता काठ नाहीसा होईल, असे विरोधक म्हणतात. दोघांचा वाद त्याच पट्ट्यावर आहे, जो १९८९ च्या परिपत्रकाने मोकळा ठेवायला सांगितला होता.

११/११
घरे हवीत की पक्षी, असा प्रश्न नेहमी मांडला जातो. मुठेचा साठ वर्षांचा इतिहास या मांडणीला छेद देतो. जिथे चक्रवाकाला उतरायला चिखल उरला, तिथे पुराला पसरायला जागा उरली. जिथे ती बुजली, तिथे बदकेही गेली आणि घरांत पाणीही आले. १९६१ मध्ये ज्यांची घरे वाहून गेली, त्यांना हे कोणत्याही नकाशावाचून कळले होते.