रँग्लरांची परीक्षा

'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे नावाआधी लागला की ऐकणाराची मान आदराने लवते. पण ती पदवी नव्हे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या बी. ए. परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. तीत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर. शब्दाचा अर्थ हुज्जत घालणारा. एके काळी ही परीक्षा लॅटिनमधील तोंडी वादविवादाने होई, त्याची ही खूण. वाद पुढे गेला, लेखी प्रश्न आले, हुज्जत नावापुरती उरली.

१८५४ साली या परीक्षेत आठ दिवसांत सोळा प्रश्नपत्रिका होत्या, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न! त्या वर्षी पहिला आला एडवर्ड राउथ आणि दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विजेचे आणि प्रकाशाचे नाते उलगडणारा पुरुष दुसरा. आणि पहिला मात्र पुढे खासगी शिकवणीचा बादशहा झाला. सलग वीसांहून अधिक वर्षे पहिला येणारा विद्यार्थी राउथच्याच हातून तयार झालेला असे. प्रश्न ओळखायचा, ठरलेली युक्ती आठवायची, घड्याळाकडे पाहत उतरवायची. विचार करीत बसणाऱ्याला तेथे वेळ नसे.

१८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीचे गुण पहिल्या आलेल्या पुरुषाहूनही वर गेले. तसे जाहीरही झाले. पदवी मात्र तिला मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले.

आपला संबंध येतो १८९९ साली. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, वय तेवीस, जॉर्ज बर्टविसल यांच्यासह पहिल्या क्रमांकाचे मानकरी ठरले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांना शिक्षणाच्या वाटेला लावणारे नातलग धोंडो केशव कर्वे स्वतः फर्गसन महाविद्यालयात गणित शिकवीत. परकी सत्ता असलेल्या देशात या क्रमांकाचा अर्थ गणितापुरता कसा राहणार? 'यांची बुद्धी आपल्या तोडीची नव्हे' असे म्हणणाराला त्याच्याच परीक्षेने उत्तर दिले होते.

आता दुसरी बाजू. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, जी. एच. हार्डी चौथा आला होता. शिकवणीचा कंटाळा येऊन त्याने शिक्षक बदलला, आणि नव्या शिक्षकाने हाती दिलेल्या जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथातून गणित म्हणजे काय ते आपल्याला प्रथम कळले, असे तो सांगे. पुढे त्याने या परीक्षेवर हत्यारच उपसले. क्रमवार यादी शेवटची लागली १९०९ मध्ये. आणि ज्या रामानुजनला हार्डीने १९१४ मध्ये केंब्रिजला आणविले, तो मद्रासच्या एफ. ए. परीक्षेत इतर विषयांपायी नापास झालेला!

हार्डीचे म्हणणे गणिताच्या दृष्टीने बरोबर होते, असे आम्हांस वाटते. पण त्याच मापाने परांजप्यांना मोजणे आम्हांस पटत नाही. ते परत आले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि १९०२ ते १९२४ फर्गसनचे प्राचार्य राहिले. नवे प्रमेय त्यांच्या नावावर शोधू जाल तर निराशा होईल. कोकणातल्या, देशावरच्या मुलांना गणित घेऊन बी. ए. होता येते, आणि शिकवणारा स्वतः ते कोळून प्यालेला आहे, हा भरवसा मात्र त्यांनी दिला. खरी हानी झाली ती अन्यत्र. हार्डीने जी परीक्षा मोडून काढली, तिची सवय आमच्या महाविद्यालयांत मागे राहिली. सिद्धता पाठ करायची, ठरीव उदाहरणे घोटायची. 'हे असे का?' हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५९ साली केंब्रिजच्या या परीक्षेत अव्वल आले. क्रमवार यादी बंद होऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. आम्ही मात्र त्यांना सीनियर रँग्लरच म्हणत आलो.