सूडू

सूडू : यूनिक्स व तिच्या धर्तीच्या संगणक प्रणालींत सामान्य वापरकर्त्यास ठराविक आज्ञा ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालविण्याची मुभा देणारी आज्ञावली. ‘सूडो’ असाही उच्चार रूढ आहे.

यूनिक्समधील अधिकारांची मूळ विभागणी स्थूल आहे : रूटला सर्व काही करता येते, इतरांना बहुतांशी स्वतःच्या संचिकांपुरतेच. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतील ‘एसयू’ या आज्ञेसाठी रूटचा परवलीचा शब्द देखभाल करणाऱ्या प्रत्येकास सांगावा लागे. अधिक मूलगामी युक्ती डेनिस रिची यांची. संचिकेवर ‘सेटयूआयडी’ ही खूण ठेवली, की आज्ञावली ती चालविणाऱ्याच्या नव्हे, तर संचिकेच्या मालकाच्या अधिकाराने चालते. या युक्तीचे एकस्व १९७९ मध्ये मिळाले. सूडू याच खुणेवर उभी आहे.

१९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी ती रचली. तीत वापरकर्ता सामान्यतः स्वतःचाच परवलीचा शब्द देतो. कोणी कोणती आज्ञा चालवावी, हे ‘सूडोअर्स’ संचिकेत लिहिलेले असते व वापराची नोंद राहते. १९९४ पासून टॉड मिलर यांनी तिची जोपासना केली.

खरी अडचण स्क्रिप्टची. स्क्रिप्टवर सेटयूआयडी खूण असल्यास कर्नेल प्रथम शेल सुरू करतो आणि शेल मागाहून तीच संचिका नावाने उघडतो. मधल्या क्षणी त्या नावाचा दुवा बदलून भलतीच स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालविता येते. म्हणून लिनक्स स्क्रिप्टवरील खूण मानीत नाही व अशी कामे सूडूकडे येतात. मात्र रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला परवलीचा शब्द कोण देणार? त्यासाठी सूडोअर्समध्ये नेमक्या आज्ञेपुरती सूट लिहितात. ही सूट ज्या स्क्रिप्टला दिली तीत वापरकर्त्यास फेरफार करता येत असेल, तर त्याला सर्वाधिकारच दिल्यासारखे होते. ‘व्हीआय’ संपादकास दिलेली परवानगीही तितकीच उदार ठरते, कारण त्यातून शेल उघडता येतो.

२०११ मध्ये सूडूत शिरलेला एक दोष क्वालिस संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये उघड केला. सूडोअर्समध्ये नाव नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यासही त्यायोगे रूट होता येत होते. तत्पूर्वीच, २०१५ मध्ये, ओपनबीएसडीने ‘डूअ‍ॅज’ ही आटोपशीर आज्ञावली स्वीकारली होती. २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली सूडू मूळ म्हणून बसविण्यात आली.