पट्टेरी बास आणि लाकडी मासोळी

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी देवमाशांची शिकार आणि कॉड मासा यांना जे अग्रस्थान दिले आहे ते अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु तेथील सामान्य माणसाचा समुद्राशी कसकसा संबंध येत गेला हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने रुपेरी अंगावर सात-आठ काळ्या रेषा मिरवणाऱ्या ‘स्ट्राइप्ड बास’, म्हणजे पट्टेरी बास, या माशाकडेच वळले पाहिजे, असे मला निश्चितपणे वाटते. बंगालच्या हिलशाप्रमाणे हाही वास्तव्याने समुद्राचा आणि जन्माने नदीचा. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, तसेच डेलावेअर आणि हडसन या नद्यांत वसंत ऋतूत तो अंडी घालण्यासाठी चढतो, आणि मग त्यातील मोठे मासे किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेस मेनपर्यंत जाऊन थंडीच्या आरंभी परत फिरतात. हा प्रवास तो खोल समुद्रातून न करता लाटा जेथे फुटतात त्या उथळ पट्ट्यातून करतो, आणि त्यामुळेच ज्याच्यापाशी होडी नाही अशा मनुष्यालाही पुळणीवर उभे राहून त्याला गरवता येते.

वसाहतकालीन दप्तरांत या माशाचा उल्लेख फार आरंभापासून सापडतो. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या जनरल कोर्टाने बास आणि कॉड हे मासे खत म्हणून शेतात घालण्यास मनाई करणारा हुकूम काढला. १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉड येथील बास, मॅकरेल आणि हेरिंग यांच्या मासेमारीपासून येणारा वसूल मोफत शाळेच्या खर्चासाठी तोडून दिला. ज्या काळी समुद्राची संपत्ती अक्षय मानली जात होती, त्या काळी माशांच्या उपयोगाला मर्यादा घालण्याची आणि त्यांचे उत्पन्न विद्यादानाकडे वळवण्याची ही बुद्धी मला विशेष गौरवास्पद वाटते.

शौकाची मासेमारी मात्र आरंभी धनिकांच्या हाती होती. १८६४ साली न्यूयॉर्कच्या काही गृहस्थांनी मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेस असलेल्या कटीहंक या लहानशा बेटावर एक क्लब स्थापन केला. किनाऱ्यावरील प्रचंड खडकांत लोखंडी गज रोवून त्यांवर फळ्या टाकलेले, थेट फुटत्या लाटांवर नेणारे अरुंद माचे तेथे बांधलेले असत. सकाळी कोणता सभासद कोणत्या माच्यावर बसणार हे आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि प्रत्येकाच्या दिमतीला एक पगारी माणूस असे, जो मेनहेडन माशांचे व शेवंडांचे तुकडे पाण्यात फेकून बासला जवळ आणी आणि शेवंडाचे मांस गळाला लावून देई. पाणी कोणत्या बाजूने वळते आणि मासा कोणत्या कपारीत दबा धरून आहे, हे ज्ञान त्या नोकराचे. काठी तेवढी मालकाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासा झपाट्याने विरळ होत गेला, आणि अशा क्लबांचे वैभवही त्याबरोबर ओसरले. त्याच परिसरात १९१३ साली चार्ल्स चर्च यांनी धरलेला ७३ पौंडांचा बास पुढे जवळजवळ सात दशके उच्चांक म्हणून गणला गेला.

कृत्रिम आमिषाचा खरा इतिहास या माच्यांवर घडला नाही. तो घडला पुळणीवरच्या गरिबांच्या हातून. काठी आणि चक्री परवडत नसे तेव्हा मनुष्य कथिलाची ओतीव मासोळी दोरीला बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवी, लाटांच्या पलीकडे भिरकावी आणि हातांनी भराभर ओढून घेई. ते कथील काळवंडले की वाळूने घासून पुन्हा चकचकीत केले जाई. कोणी पोकळ तोंडाच्या शिशाच्या किंवा लाकडाच्या डोक्यावर वामची सोललेली कातडी चढवी. ओढताना तिच्यात पाणी शिरून ती फुगे आणि जिवंत वाम पोहत असल्याचा आभास होई.

या परंपरेला निर्णायक वळण मिळाले ते केप कॉड कालव्यावर. १९१४ साली खुला झालेला आणि १९३५ ते १९४० या काळात ४८० फूट रुंद करण्यात आलेला हा कालवा दोन उपसागरांना जोडतो; दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा भिन्न असल्यामुळे त्यातील प्रवाह सुमारे दर सहा तासांनी दिशा पालटतो आणि ऐन जोरात एखाद्या पुरात आलेल्या नदीसारखा वाहतो. त्या ओघात सापडलेल्या लहान माशांच्या मागे बास येतो, आणि दगडांनी बांधून काढलेल्या काठावरून तो सहज टप्प्यात असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ॲटलबरो गावचे बॉब पॉन्ड यांनी याच कालव्यावरील अनुभवातून ‘ॲटम’ नावाची लाकडी मासोळी घडवली. कालव्याच्याच सॅगामोर गावाकडील बाजूला स्टॅन गिब्ज हेही आपल्या हाताने लाकूड कातून मासोळ्या करू लागले. कातलेल्या लाकडातून आरपार तार ओवलेली असे, म्हणजे लाकूड फुटले तरी मासा सुटू नये. डोक्याशी बसवलेल्या धातूच्या ओठावर पाण्याचा दाब पडला की सारे अंग डावी-उजवीकडे वळवळे. ‘पॉपर’ या प्रकारात तोंड खोलगट ठेवलेले असे, आणि ओढीसरशी ते पाणी उडवून भेदरलेल्या माशाची धांदल हुबेहूब दाखवी.

येथे नोकराचे काम संपले. रक्तामांसाचे आमिष नुसते टाकून ठेवले तरी त्याच्या वासाने मासा येतो. लाकडाला गंध नाही, चव नाही, आणि म्हणून ते कोणत्या वेळी, कोणत्या खडकाच्या आडोशाला, किती संथपणे न्यावयाचे याचे सर्व ज्ञान ज्याच्या हाती दोरी आहे त्याच्याच ठायी असावे लागते. युद्धोत्तर काळात कारखान्यांतले कामगार, सुतार, शिक्षक रात्रीच्या रात्री त्या काठावर घालवू लागले, आणि धनिकांच्या पदरच्या नोकराकडे असलेली विद्या सर्वांची झाली, ही मी या इतिहासातील सर्वांत मोठी घटना समजतो.

अर्थात या विद्येने माशाचे केवळ कल्याणच केले असे नाही. रात्री धरलेला बास सकाळी बाजारात विकणारे पुष्कळ होते, आणि जाळीवाले तर होतेच. १९७३ साली व्यापारी मासेमारीचा आकडा सुमारे दीड कोटी पौंडांवर गेला. १९८३ साली तो ३५ लाखांवर आला. पॉन्ड यांना ही घसरण फार आधी जाणवली होती. १९६५ साली त्यांनी ‘स्ट्रायपर्स अनलिमिटेड’ ही संस्था काढली, आणि चेसापीकच्या नद्यांत माशाची अंडीच नीट फळत नाहीत हे अधिकाऱ्यांना पटवून देण्यासाठी, मासोळ्या विकून पोट भरणारा हा मनुष्य वर्षानुवर्षे खटपट करीत राहिला. १९८४ साली अमेरिकन काँग्रेसने पट्टेरी बासच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. १९८५ च्या आरंभी मेरीलँडने संपूर्ण बंदी पुकारली व ती पाच वर्षे अमलात ठेवली. १९९५ साली हा मासा पूर्ववत झाल्याचे जाहीर करण्यात आले. अतिरेकी मासेमारीने खचलेली जात माणसाने स्वतःचा हात आवरल्यामुळे पुन्हा उभी राहिली, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

परंतु २०१९ च्या पाहणीत साठा पुन्हा मर्यादेखाली गेल्याचे आढळून आले, आणि मेरीलँडमध्ये १९५४ पासून चालू असलेल्या पिलांच्या गणतीतही अलीकडची वर्षे ओळीने दुर्बळ निघाली. २०२३ पासून महासागराच्या किनाऱ्यावर शौकाने गरवणाऱ्याला दिवसाकाठी एकच मासा, आणि तोही २८ ते ३१ इंच लांबीचा, ठेवता येतो. बाकीचे पाण्यात सोडावे लागतात. आमिष लावून गरवणाऱ्यांना २०२१ पासून गोलाकार गळ सक्तीचा आहे, कारण साधा गळ मासा पोटापर्यंत गिळतो. कृत्रिम मासोळीला या नियमातून सूट आहे. तथापि सोडून दिलेल्या शंभरांतले नऊ मासे दगावतात असे धरूनच अधिकारी हिशेब करतात, आणि ते नऊ कमी व्हावेत म्हणून किनाऱ्यावरचे पुष्कळ जण आता आपापल्या मासोळ्यांचे तिहेरी गळ काढून त्या जागी एकेरी गळ बसवतात व त्याचा काटा पकडीने दाबून टाकतात.