पंगतीकडून रांगेकडे

लग्नपत्रिकेत मुहूर्त, स्थळ, वधूवरांची नावे आपण नीट वाचतो. तळाशी छापलेली 'भोजन : दुपारी १२ ते ३' ही ओळ नुसती पाहून ठेवतो. या ओळीतला 'ते' नवा आहे. पंगतीला पासून-पर्यंत नसे. पाने मांडली की यजमानांकडचे कोणीतरी 'चला, पाने वाढलीत' म्हणत मांडवभर फिरे, माणसे एकदम बसत आणि एकदम उठत. कधी बसायचे, कुणाच्या शेजारी बसायचे, आधी काय खायचे आणि ताकभातावर कधी यायचे, यांतले फारसे काही जेवणाऱ्याच्या हाती नव्हते. आता कधी कधी पत्रिकेवर 'स्वरुचिभोजन' असा शब्द दिसतो. बुफेसाठी शोधलेला हा प्रतिशब्द मोठा धूर्त आहे. मूळ फ्रेंच शब्द एका फर्निचरचा, भिंतीलगत ठेवायच्या मांडणीवजा टेबलाचा. आपण मात्र त्या टेबलात रुचीचे स्वातंत्र्य पाहिले.

कार्य ठरले की घरात वाद सुरू होतो, पंगत की बुफे? आजी-आजोबा एका बाजूला, हॉलचे भाडे भरणारे दुसऱ्या बाजूला. हा वाद आपण परंपरा आणि सोय यांच्यातला मानतो. त्याच्यामागे एक समजही असतो, की जुन्या पंगतीत जातपात होती, काळ सुधारला आणि म्हणून पंगत गेली. मला हा समज उलटा वाटतो. पंगतीतला भेद मोडण्यासाठी ज्यांनी शिव्याशाप खाल्ले त्यांनी पंगत सोडली नाही, उलट ती पुन्हा मांडली. आणि पंगत ज्या कारणांनी उठली त्यांना भेदाशी काही देणेघेणे नव्हते.

आधी शब्दांकडे पाहू. पंक्तिपावन, पंक्तिबाह्य, पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच. एका बसण्याच्या पद्धतीभोवती इतके शब्द जमावेत हेच बोलके आहे. पंक्तिपावन कोण आणि पंक्तीत बसवू नये असा कोण, याच्या याद्या मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या संदर्भात येतात. म्हणजे ओळीत बसवणे ही परीक्षा फार जुनी. पंक्तिप्रपंच हा शब्द मात्र घरगुती झाला. एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्या पानात दोन थेंब, हा पंक्तिप्रपंच. गंमत अशी की पंगतीत बसलेल्यांमध्ये भेद करणे हे पाप मानले गेले, पण कुणाला पंगतीतच न बसवणे हा आचार ठरला. पंगतीच्या आत समता सक्तीची होती, कारण पंगतीची कड आधीच आखून झालेली होती.

'रोटी-बेटी व्यवहार' हा जोडशब्दही त्याच कडेचा. ज्यांच्याशी रोटी त्यांच्याशी बेटी असे दर वेळी नसे, पण ज्यांच्याशी बेटी त्यांच्याशी रोटी हवीच. लग्नाचे जेवण ही दोन्ही व्यवहार एकाच मांडवात दिसण्याची जागा होती. वाळीत टाकलेल्याला जातीत परत घेताना प्रायश्चित्त, दंड आणि शेवटी जातीला जेवण, असा क्रम असे. माणूस जातीत आला याचा पुरावा म्हणजे चारचौघे त्याच्या पानाशेजारी बसून जेवले, हा. म्हणून लग्नात एखाद्या घराला बोलावणे गेले नाही, किंवा बोलावूनही ते घर जेवायला उठले नाही, तर त्याचा अर्थ अख्ख्या गावाला कळे.

१७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न झाले, त्याची व्यवस्था नाना फडणिसांनी पाहिली. या समारंभासाठी केलेल्या याद्यांत भोजनाच्या व्यवस्थेचाही बारकाईने विचार आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभारी पानावाढपाच्या तपशिलात का शिरला, याचे आज हसू येते. पण मान कुणाचा कुठे, हे दरबारात जसे बैठकीवरून ठरे तसे मांडवात पानावरून ठरे. एखादे पान चुकीच्या जागी मांडले गेले तर तो राजकारणाचाच प्रश्न होता.

सामान्य घरातल्या लग्नातही क्रम ठरलेला असे. आधी मानकरी आणि व्याही, मग बाकीचे पुरुष, मग बायका-मुले, मग वाढपी आणि घरचे राबणारे. विहिणींच्या पंगतीचा थाट वेगळा. पानाभोवती रांगोळी, उदबत्तीचे घर, नाव घेणे, घास भरवणे आणि रुसवे काढणे. त्यातल्या थट्टेविषयी आपल्याकडे पुष्कळ रसाळ लिहिले गेले आहे. शेवटच्या पंगतीविषयी कमी लिहिले गेले. मुलीची आई त्या पंगतीला बसेपर्यंत मठ्ठा पातळ झालेला असे आणि जिलब्यांचा चुरा उरलेला असे. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या विधवेला तर मांडवात कुठे बसवायचे हा प्रश्नच कुणाला पडत नसे.

शेवटच्या पंगतीनंतरही काही लोक असत, मांडवाबाहेर. बलुतेदारीच्या गावगाड्यात लग्नाकार्यातले उरलेले अन्न हा महारा-मांगांचा 'हक्क' म्हणून सांगितला जाई. उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आणि त्यांवर उरलेले न्यायचे, हा तो हक्क. महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना जे सोडायला सांगितले त्यात मेलेल्या जनावराच्या मांसाबरोबर हे शिळेपाके तुकडेही होते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' या हिंदी आत्मकथनाला नावच या अन्नाने दिले आहे. हे गाव उत्तर प्रदेशातले, पण लेखकाने महाराष्ट्रातल्या नोकरीच्या वर्षांत मराठी दलित साहित्य वाचले होते. त्यात गावातल्या एका लग्नाचा प्रसंग आहे. कित्येक दिवस त्या घरी राबलेली आई मुलांसाठी जेवण मागते, तेव्हा घरमालक तिला उष्ट्याच्या टोपलीकडे बोट दाखवतो. ती टोपली तिथेच रिकामी करून ती निघून जाते आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. पंगतीचा इतिहास लिहायचा तर या टोपलीपासूनही लिहिता येतो.

पंगतीची कड ओलांडण्याचे पहिले प्रयत्न गुपचूप झाले. १८४९च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंगांसारख्या मंडळींनी परमहंस सभा सुरू केली. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी अट होती. हे सारे बंद दाराआड. पुढे १८६०च्या सुमारास सभासदांची यादी फुटल्याची बातमी पसरली आणि सभा मोडली. तीस वर्षांनी पुण्यात पुन्हा एक यादी. ऑक्टोबर १८९०मध्ये पंचहौद मिशनमधल्या सभेत चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांच्या गोटात त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

एक कप चहासाठी न्यायमूर्ती झुकले, अशी ही गोष्ट आपण शाळेत वाचतो आणि हसून सोडून देतो. पण घरात मुली लग्नाच्या असल्या की बहिष्काराचा अर्थ फार व्यवहारी असे. पानाला पान लावायला कुणी तयार नसेल, तर मुलगी कुणाच्या घरात द्यायची? पुरोहित आणायचा कुठून? सुधारक कचरले म्हणून त्यांना नावे ठेवण्याआधी हा हिशेब पाहायला हवा. त्यांच्या कचरण्याचे समर्थन मी करत नाही, पण ते भेकडपणाने नव्हे तर लग्नाच्या मांडवाच्या भीतीने कचरले असे मला वाटते.

विसाव्या शतकात ही गोष्ट उघड्यावर आली आणि तिने पंगतीचेच रूप घेतले. आंबेडकरी चळवळीतली सहभोजने, सावरकरांनी रत्नागिरीत घडवलेली सहभोजने, 'समतानंद' अनंत हरी गद्रे यांची झुणका-भाकर सहभोजने. या तिघांचे राजकारण एकमेकांपासून दूरचे. पण तिन्हीकडे माणसे जमिनीवर ओळीत बसली, एकाच वेळी बसली, आणि शेजारी कोण आहे हे सगळ्यांना दिसले. गद्र्यांनी पक्वान्न न ठेवता झुणका-भाकर ठेवली. कुणालाही परवडावी अशी. आणि सत्यनारायणाच्या पूजेला दलित जोडप्याला यजमान म्हणून बसवले. उभ्याने, हातात बशी घेऊन हे होऊच शकले नसते. चहाच्या घोटाला नंतर नाकारता येते, मांडी घालून अर्धा तास शेजारी जेवलेल्याला नाकारता येत नाही.

याही पंगतीची मर्यादा सर्वांत स्पष्ट सांगितली ती आंबेडकरांनीच. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात देऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी म्हटले की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय लग्नेच व्हायला हवीत. रोटी पुरेशी नाही, बेटी हवी. सहभोजनाच्या पंगती मैदानांत आणि देवळांच्या आवारांत झाल्या. लग्नाच्या मांडवातली पंगत बहुतेक ठिकाणी होती तशीच राहिली.

मग ती उठली कशी? याची पहिली नोंद शिधापत्रिकेवर सापडते. २ मे १९४३पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तोलून मिळणाऱ्या धान्यात गावजेवणे बसत नाहीत. स्वातंत्र्यानंतरही साठ-सत्तरच्या दशकांतल्या टंचाईत किती पाहुण्यांना धान्याचे जेवण घालता येईल यावर सरकारी मर्यादा असे. मध्यमवर्गाने यातून एक मधला मार्ग काढला. सकाळी जवळच्या नातलगांपुरती पंगत आणि संध्याकाळी बाकीच्यांसाठी 'रिसेप्शन'. आईस्क्रीमची वाटी, मूठभर वेफर्स, सरबत. या वस्तूंत धान्य नव्हते. त्यांना सोवळे-ओवळेही नव्हते. कचेरीतला साहेब, दुसऱ्या जातीचा मित्र, शेजारचा मुसलमान, पारशी डॉक्टर यांना संध्याकाळी बोलावणे सोपे झाले. सकाळच्या पानाला धक्का न लावता. भेद मोडला नाही, त्याला दोन वेळा नेमून दिल्या.

दुसरे कारण मंगल कार्यालयाचे घड्याळ. लग्न वाड्यातून भाड्याच्या जागेत आले आणि जागा तासांवर मोजली जाऊ लागली. दीडशे पानांच्या एका पंगतीला वाढण्यापासून उष्टी काढून पुन्हा पाने मांडेपर्यंत तास सहज जातो. सहाशे माणसांच्या चार पंगती म्हणजे चार तास. चौथ्या पंगतीतला माणूस भुकेने कावलेला आणि दारात संध्याकाळच्या कार्याचे लोक उभे. बुफेत तीच सहाशे माणसे दोन तासांत जेवतात. हे साधे गणित कोणत्याही सुधारकाच्या भाषणापेक्षा परिणामकारक ठरले.

तिसरी गोष्ट हळूच बदलली. पूर्वी यजमान किराणा स्वतः भरे, आचारी फक्त रांधायला येई आणि कोठीच्या किल्ल्या एखाद्या चोख काकाकडे असत. कोठीवर बसलेल्या माणसाला तूप किती उरले, साखर किती लागेल याचा अंदाज हवा. वाढायला भाचे, पुतणे, गल्लीतली पोरे. ओगराळ्यातून आमटी न सांडता वाढणे हे शिकावे लागे आणि ती शिकवणी लग्नातच होई. केटररने हे सारे एका आकड्यात आणले, ताटामागे इतके रुपये. ताट मोजले जाऊ लागल्यावर आग्रहाला अर्थ उरला नाही. पंगतीतला आग्रह यजमानाच्या खर्चाने चालायचा. बुफेत दुसऱ्यांदा रांगेत उभे राहायला कोण कुणाला आग्रह करणार?

एक नोंद करायलाच हवी. बुफेच्या रांगेत पुढचा कोण, मागचा कोण, हे कुणी विचारत नाही. ज्यांच्या आजोबांना मांडवाबाहेर थांबावे लागले असते, त्यांच्यासाठी ही क्षुल्लक गोष्ट नाही. पंगतीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी आपला गहिवर कुठल्या पानावर बसून आला आहे, ते तपासून पाहावे. जातपंचायतींचा बहिष्कार मोडण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही काही पेशवाईतली गोष्ट नाही.

ग्रामीण भागात पंगत अजून आहे. रस्त्याच्या दोन कडांना समोरासमोर बसलेल्या ओळी, बादल्यांतून येणारी आमटी, बुंदी, भात. तिथे हॉलचे घड्याळ नाही आणि वाढायला माणसे आहेत. शहरात मात्र पंगत एका विशिष्ट जागी टिकली आहे. अलीकडच्या बहुतेक लग्नांत बुफेच्या गर्दीपासून जरा बाजूला एक लांब टेबल असते. त्यावर केळीची पाने, पानांभोवती रांगोळी, खुर्च्यांना कापड, वाढायला फेटे बांधलेली मुले. ही व्याह्यांची पंगत. बाकीचे चारशे लोक ताट हातात घेऊन, जागा शोधत तिच्याकडे पाहत उभे असतात, आणि मुलीचे वडील तिथे, अजून न जेवलेले, जिलबीचा आग्रह करत असतात.