नागरिकांच्या सूचना आणि आपली हरकत : नाशिकचा रस्ता, बस आणि पाणी

शहरात एखादी नवी योजना यायची झाली की महापालिकेची जाहिरात छापून येते : नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात. मग सूचना येतात. उड्डाणपूल हवा, पार्किंग हवे, सायकल ट्रॅक हवा, गोदाकाठ सुशोभित करा, अतिक्रमणे हटवा. यातल्या शेवटच्या सूचनेशी आपण थांबले पाहिजे. कारण शहराच्या भाषेत ‘अतिक्रमण’ म्हणजे बहुतेक वेळा आपली वस्ती असते. फुलेनगरातून, गंजमाळच्या भीमवाडीतून, सातपूरच्या संत कबीरनगरातून पहाटे डबा घेऊन निघणारी बाई सूचना पाठवत नाही. तिला बस हवी असते, थांब्यावर दिवा हवा असतो, कामाच्या वाटेवर एक स्वच्छ संडास हवा असतो. पण तिची गरज शहराच्या कागदावर ‘सूचना’ म्हणून येत नाही. आलीच तर ‘झोपडपट्टीची समस्या’ म्हणून येते.

पार्थ चॅटर्जी यांनी नागरी समाज आणि राजकीय समाज असा भेद केला आहे. एकाला हक्क असतात, दुसऱ्याला सवलती मिळतात. एम.ए.ला असताना हा भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वस्तीत काम करायला लागल्यावर तो रोज दिसू लागला. मात्र एक गोष्ट त्या पुस्तकात सापडत नाही, ती नाशिकच्या इतिहासात सापडते. रस्ता, पाणी, वाहन आणि निवारा या सवलती नसून हक्क आहेत, हा विचार या मातीत आपल्याच माणसांनी लढून मांडला. शहराच्या सोयींवर बोलायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सुरुवात त्रिरश्मी लेण्यांपासून करू. आपण तिथे वंदनेला जातो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख मात्र फार थोडे जण वाचून येतात. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो कोरवून घेतला. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. त्यात त्याने काय सांगितले आहे? इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाण्यासाठी नावा ठेवल्या. या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला सभागृहे आणि पाणपोया बांधल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, आपले नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा, इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवारे उभे केले. विहिरी, तळी, बागा केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर मोफत सार्वजनिक वाहतूक, प्रवासी निवारा आणि पिण्याचे पाणी. गोवर्धन आजही गंगापूर रस्त्यावर आहे.

त्याच लेण्यातला दुसरा लेख मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात पैशाची व्यवस्था आहे. भिक्षुसंघाच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर महिना शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, मग दप्तरी नोंदवला. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या परिसरात सार्वजनिक हिताचा पैसा कुठे ठेवला, किती व्याजाने ठेवला, कुणासाठी ठेवला, हे सभेत जाहीर होत होते आणि दगडावर लिहिले जात होते.

इथे भाबडेपणा नको. उषवदाताने ब्राह्मणांनाही गाई आणि गावे दिली, हेही त्याच शिलालेखात आहे. तो राजघराण्यातला माणूस होता आणि हे सगळे पुण्यासाठी केलेले दान होते. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. मर्जी फिरली की नाव बंद, पाणपोई बंद. नंतरच्या शतकांत नेमके तेच झाले. पाणवठा राहिला, पण कुणी पाणी प्यायचे हे जात ठरवू लागली. रस्ता राहिला, पण कुणी चालायचे हे जात ठरवू लागली.

१९२९ सालचे चाळीसगाव आठवा. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते परतत होते. चाळीसगाव स्टेशनवर तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा फार दूर नव्हता, तरी टांगा येईना आणि बाबासाहेब तासभर स्टेशनवर थांबले. कारण नंतर कळले. एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. मग वस्तीतल्या एका माणसाने लगाम धरला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत नाल्यावरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पोटासाठी घोडा हाकणारा माणूसही स्वतःला एका बॅरिस्टरपेक्षा उच्च समजू शकतो, ही गोष्ट त्यांनी त्यातून दाखवली.

हा प्रसंग आपण व्याख्यानांत सांगतो, तो अपमानाची कथा म्हणून. तो वाहतुकीचाही प्रसंग आहे. भाड्याचे पैसे खिशात आहेत, वाहन समोर उभे आहे, तरी प्रवास होत नाही. वाहतूक सुधारणेवर बोलणारे तज्ज्ञ गाड्यांची संख्या मोजतात, रस्त्याची रुंदी मोजतात. गाडीत कुणाला बसता येते हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नसतो.

चाळीसगावनंतर चार-पाच महिन्यांतच, २ मार्च १९३० रोजी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी नाशिकच्या मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती. जुन्या नाशिकच्या आठवणी लिहिणारे या ट्रामबद्दल फार कौतुकाने लिहितात. १८८९ च्या सुमारास सुरू झालेली ही ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि मोटारबस आली. त्याच वर्षांत त्याच शहरात दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि हजारो सत्याग्रही एका रस्त्याच्या टोकाशी असलेल्या चार दरवाजांवर उभे होते. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून ठरलेला समझोता मोडला गेला, रथ पळवला गेला, दगड पडले. आणि त्याचा सूड जिल्ह्यातल्या खेड्यांत निघाला. आपल्या लोकांना रस्ते बंद झाले, मुलांना शाळेतून काढले, दुकानात सामान मिळेना. सत्याग्रह देवळाचा होता, शिक्षा मात्र रस्त्याची, शाळेची आणि बाजाराची मिळाली. मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह केला नव्हता, आपल्या माणसांत चैतन्य यावे म्हणून केला, असे बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्रातून कळवले होते. देऊळ हे निमित्त होते, हे नाशिकच्या सनातन्यांना आपल्यापेक्षा लवकर कळले असावे.

त्याच १९३० साली बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना ठेवली. तिच्यातले एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे. धर्मशाळा, शिक्षणसंस्था, रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी, पाणवठे, जमिनीवरची, पाण्यातली आणि हवेतली सार्वजनिक वाहने, नाट्यगृहे, करमणुकीच्या जागा, यांचा पूर्ण उपभोग नाकारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड असावा, अशी मागणी त्यात आहे. बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला होता. पण नक्कल केली नव्हती. १८७५ च्या कायद्यात जमीन आणि पाणी यांवरची वाहने होती. बाबासाहेबांनी त्यात हवा जोडली, आणि आपल्या अनुभवातले रस्ते, तळी, विहिरी जोडल्या. ज्या समाजाला टांगा मिळत नव्हता, त्याचा नेता विमानातला हक्क लिहून ठेवत होता!

अमेरिकेतला तो १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये मोडीत काढला. पुढे १९५५ च्या डिसेंबरात मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आणि ३८१ दिवस पायी चालून बसमधली जागा मिळवली. आपल्याकडे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी तीच यादी पुन्हा मांडली. घटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आले. त्यात वाहनाचा शब्द नाही. तो १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याच्या कलम ४ मध्ये आला. या सगळ्याच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे, आणि ते १९२३ च्या बोले ठरावापासून चालत आले आहे : सार्वजनिक पैशातून जे बांधले किंवा चालवले जाते, ते सर्वांचे. महाडचे तळे याच तत्त्वावर पेटले.

दादासाहेबांनी हा धागा सोडला नाही. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद दिली. भूमिहीनांना जमीन ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत आहे. झोपडपट्टीतल्या लोकांचे जिणे सुधारा ही मागणीही त्याच सनदेत होती. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावाचा हा माणूस शेतमजुराइतकाच शहरातल्या झोपडीचा विचार करत होता.

पुढे काय झाले? आपली मागणी आक्रसली. समाजमंदिर, कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा. दलित वस्ती सुधार योजनेच्या निधीत जे बसते तेवढेच आपण मागू लागलो. ते मागणे चूक नाही. वस्तीच्या आत आपण मागत राहिलो आणि वस्तीच्या बाहेरचे शहर दुसऱ्यांच्या सूचनांवर सोडून दिले, हे चूक आहे. भीमवाडीत २०२० च्या टाळेबंदीत आग लागून घरे जळाली, तेव्हा बंब आत शिरेल एवढी वाट ही केवढी मोठी नागरी सुविधा आहे ते कळले.

गेल्या दहा वर्षांत नाशिकवर योजनांचा पाऊस पडला. २०१६ मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले. त्याचा सर्वांत गाजलेला रस्ता अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका, लांबी १.१ किलोमीटर. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. टायरवर धावणारी मेट्रो, देशात पहिली, असा गवगवा झाला. ती अजून कागदावरून उतरलेली नाही. रोज प्रत्यक्षात धावते ती सिटीलिंक. शहर बससेवा एसटीकडून महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे आली आणि ८ जुलै २०२१ पासून सुरू झाली. बस ठेकेदाराच्या, वाहक ठेकेदाराचे. पगार थकला म्हणून वाहकांनी वारंवार काम बंद केले, आणि त्या दिवशी रिक्षाचे पैसे परवडत नाहीत ती माणसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत चालत गेली. थकलेला पगारही आपल्या मुलांचा आणि बुडालेला खाडाही आपल्याच माणसांचा.

यात आणखी एक गोष्ट घडली, तिची फारशी चर्चा झाली नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षे प्रशासक. ना नगरसेवक, ना प्रभाग समिती, ना महासभा. याच काळात सिंहस्थाचे आराखडे झाले, २०२५ मध्ये कुंभमेळा प्राधिकरण आले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी निगमसभेत वाचून दाखवावे लागत होते, ते या चार वर्षांत महासभेत वाचायला सभाच नव्हती. सिंहस्थाला विरोध करण्याचा हा मुद्दा नाही. पैसा सार्वजनिक आहे, म्हणून बोले ठरावाचे तत्त्व त्यालाही लागू आहे. साधुग्रामाला जे नळ, संडास, दिवे आणि रस्ते काही महिन्यांसाठी देता येतात, ते फुलेनगरला कायमचे का देता येत नाहीत, हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडे तोडायला निघाले तेव्हा लोकांनी शेकड्यांनी हरकती दिल्या आणि प्रशासनाला थांबून विचार करावा लागला. कागदाला वजन असते, तो गठ्ठ्याने गेला तर.

म्हणून पुढची जाहिरात निघेल तेव्हा आपण काय लिहायचे? कारखान्याच्या पहिल्या पाळीच्या आधी वस्तीतून सुटणारी बस, आणि दुसरी पाळी सुटल्यानंतरची शेवटची बस. मासिक पास रोजंदारीच्या हिशेबात बसेल असा. निमाणी आणि सीबीएससारख्या मोठ्या थांब्यांवर बायकांसाठी चालू, पाणी असलेले संडास. वाहकांचा पगार ठेकेदाराने थकवला तर थेट परिवहन कंपनीने देण्याची अट करारात. त्रिरश्मी लेण्यांकडे रविवारी आणि पौर्णिमेला जादा फेऱ्या. बंब शिरेल एवढा रस्ता प्रत्येक वस्तीत, तोही घरे न पाडता, पुनर्वसनाची जागा त्याच प्रभागात देऊन. हे सगळे ‘नम्र विनंती’ म्हणून लिहू नका. कलम १५ आणि १९५५ च्या कायद्याचा उल्लेख करून ‘हरकत’ म्हणून लिहा.

पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, पूर्व आणि पश्चिम, अशी सहा विभागीय कार्यालये आहेत. ज्याने त्याने आपल्या विभागात जावे, दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. सुनावणीला बोलावले तर एकट्याने जाऊ नका, पहाटेच्या बसने जाणाऱ्या बाईला सोबत न्या आणि आधी तिला बोलू द्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : आमच्या हरकतीवर काय निर्णय झाला, कुणी घेतला, कोणत्या तारखेला. त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.