मोझार्टची १२ व्हेरिएशन्स: स्केल नेमकं कसं ओळखायचं?

'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'ची चाल मोझार्टने बांधली, असं सांगणारी पोस्ट तुम्हीही पाहिली असेल. ते खरं नाही. ही मुळात एक जुनी फ्रेंच चाल आहे. मोझार्टने तिच्यावर पियानोसाठी १२ व्हेरिएशन्स लिहिली आणि ती १७८५ मध्ये व्हिएन्नात छापली गेली. 'ट्विंकल'ची इंग्रजी कविता प्रसिद्ध झाली १८०६ मध्ये, म्हणजे मोझार्टच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी.

व्हेरिएशनमध्ये काय बदलतं?

पहिल्यात उजवा हात जलद स्वर वाजवतो, दुसऱ्यात डावा. अकरावं संथ आहे. बारावं जलद, आणि दोनऐवजी तीन ठोक्यांचं.

मग चाल ओळखू कशी येते?

कारण खालचा हार्मनीचा सांगाडा बहुतांशी तोच राहतो. रचना सी मेजरमध्ये आहे, म्हणजे पेटीवरची 'पांढरी एक'. सी हा सा धरला, तर मुख्य कॉर्ड तीन: सी (सा-ग-प), एफ (म-ध-सा) आणि जी (प-नी-रे). पहिल्या ओळीत 'ध'खाली एफ कॉर्ड येते. ओळ संपताना जी कॉर्ड ताण निर्माण करते आणि सी कॉर्डवर तो सुटतो. मधली ओळ मात्र 'रे'वर, जी कॉर्डपाशी थांबते. म्हणूनच ती अपुरी वाटते आणि पहिली ओळ परत आली की घरी आल्यासारखं वाटतं.

आठव्या व्हेरिएशनमध्ये गोंधळ का होतो?

इथे सुरुवातीलाच तीन कोमल स्वरांची खूण दिसते: बी, ई आणि ए. तक्ता पाहिला तर ही खूण दोन स्केलची असू शकते, ई फ्लॅट मेजर किंवा सी मायनर. नुसत्या खुणेवरून निर्णय होत नाही.

इथे दोन गोष्टी तपासा. ओळ कुठे विसावते? सी वर. आणि खूण असूनही कुठला स्वर बदलतो? ओळ संपवताना कोमल बी पुन्हा शुद्ध होतो. आपल्या भाषेत शुद्ध नी. हाच स्वर जी कॉर्डला सा कडे ओढतो. म्हणजे स्केल सी मायनर. सा तोच राहिला, फक्त ग आणि ध कोमल झाले, नी प्रसंगानुसार कोमल किंवा शुद्ध.

लक्षात काय ठेवायचं?

खूण ही सुरुवात आहे, पुरावा नाही. आधी शेवटचा खर्जातला स्वर पाहा, मग त्याआधीची कॉर्ड, मग वेगळे झालेले स्वर. आता आठवं आणि नववं व्हेरिएशन सलग ऐका. नवव्यात शुद्ध ग परतला की सी मेजर तुम्हाला कानानेच ओळखता येईल.